पन्नास मायक्रॉनची गोष्ट

मंगळवार, 26 जुलै 2005. सकाळी लोकलने कामाला गेलेल्या कित्येक मुंबईकरांना घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला, काहींना तिसरा. दुपारी दोन-अडीचनंतर उपनगरांवर पाऊस असा काही कोसळू लागला की दोन हातांवरचं दिसेना. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलीमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 75 मिलीमीटरही पडला नव्हता. त्यामुळे फोर्टातल्या कचेऱ्यांतून बाहेर पडलेल्यांना पुढे काय वाढून ठेवलं आहे याचा अंदाजच आला नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी जेमतेम 18 किलोमीटरची नदी. बहुतेक मुंबईकर तोवर तिला नालाच समजत होते. त्या दिवशी तिने कुर्ला आणि कलिन्यातले तळमजले गिळले. राज्यभरात हजाराहून अधिक माणसं दगावली.

पाणी ओसरलं तेव्हा मागे गाळ उरला, आणि गाळात पिशव्या. गटारांच्या जाळ्यांना चिकटलेल्या, मोऱ्यांच्या तोंडाशी बोळा होऊन बसलेल्या, खाडीकाठच्या कांदळवनांच्या मुळांत गुंतलेल्या. इतक्या मोठ्या संकटाला कुणीतरी आरोपी हवा होता आणि हा आरोपी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. महिनाभरातच, ऑगस्ट 2005 मध्ये, विलासराव देशमुख यांच्या सरकारने राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालण्याची घोषणा केली. त्यानंतरची सतरा वर्षं महाराष्ट्रात आणि पुढे देशभरात या विषयावरचा बराचसा वाद एका आकड्याभोवती फिरत राहिला. तो आकडा म्हणजे पिशवीची जाडी.

ही पिशवी तशी फार जुनी नव्हे. पॉलिथिनचा शोध 1933 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थविच गावी अपघातानेच लागला. भलताच प्रयोग चालू असताना भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या तारांवर चढला आणि युद्ध संपल्यावर घराघरांत शिरला. आज आपण जिला कॅरीबॅग म्हणतो, ती एकाच नळीतून कापून, चिकटवून केलेली दोन कानांची पिशवी, स्वीडनमधल्या नॉरशॉपिंग शहरातल्या सेलोप्लास्ट कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी बेतली. तिचं अमेरिकी पेटंट 1965 चं आहे. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडावी लागतात, त्याऐवजी हलकी, टिकाऊ आणि पुन्हापुन्हा वापरता येणारी पिशवी असावी, असा थुलिन यांचा विचार होता, असं त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं. माणसं ती एकदाच वापरून फेकून देतील, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

महाराष्ट्रातल्या घरांत तेव्हा दारामागच्या खुंटीला कापडी पिशवी टांगलेली असे. वाणी साखर, डाळ कागदाच्या पुडीत घालून वर दोऱ्याचे दोन वेढे देई. तेलाला घरून किटली न्यावी लागे. फुलवाला गजरा पानात बांधून देई. मुंबईत आरे कॉलनीचं दूध काचेच्या बाटल्यांतून येई, वर पातळ ॲल्युमिनियमचं झाकण असे आणि रिकामी बाटली परत केल्याशिवाय भरलेली मिळत नसे. या व्यवहारात कचरा होत नव्हता असं नाही. पण बाटली, पिशवी, किटली या प्रत्येक वस्तूला कुणीतरी धनी होता आणि तिची किंमत कुणाच्या तरी हिशेबात लिहिलेली होती.

1960 च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले. नंतर मुंबई हायचा वायू हाती आला आणि 1990 च्या सुमारास रायगड जिल्ह्यात नागोठण्याला त्याच वायूपासून पॉलिथिन बनवणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. कच्चा माल दाराशी आला, उदारीकरणाने बाजार खुला केला आणि पिशव्या फुगवणारी लहान यंत्रं गाळ्यागाळ्यांतून धडधडू लागली. बघता बघता पिशवी इतकी स्वस्त झाली की भाजीवालीने दहा रुपयांच्या मेथीबरोबर ती फुकट द्यावी. फुकट मिळालेली वस्तू कुणी जपत नाही. ‘पिशवी घेतलीस का?’ हा घरातून निघताना विचारला जाणारा प्रश्न हळूहळू मागे पडला.

पिशवी आणि पूर यांचं नातं जगासमोर पहिल्यांदा ठळकपणे आलं ते मुंबईत नव्हे, ढाक्यात. 1998 च्या महापुरात बांगलादेशाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाण्याखाली गेला. ढाका शहरातून ते पाणी निघेना, कारण नाल्यांत पॉलिथिन अडकलं होतं. 2002 मध्ये बांगलादेशाने पातळ पिशव्यांवर देशव्यापी बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. भारतात हिमाचल प्रदेशाने 1995 मध्येच अविघटनशील कचऱ्याविरुद्ध कायदा केला होता, गोव्याने 1996 मध्ये. केंद्र सरकारने 1999 मध्ये नियम आणले, तेव्हा मात्र बंदीचा शब्द टाळला आणि एक मोजमाप ठरवलं. पिशवी किमान 20 मायक्रॉन जाड हवी.

मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. 20 मायक्रॉनची पिशवी केसाहूनही पातळ. पण जाडीवर नियम बसवून प्रदूषण कसं कमी व्हायचं? उलट जाड पिशवीत प्लास्टिक अधिकच जातं. शहाण्यासुरत्या माणसालाही हा नियम उफराटा वाटावा. त्याचा अर्थ मंत्रालयाच्या फायलीत शोधण्यापेक्षा भंगाराच्या दुकानातल्या काट्यावर लवकर सापडतो.

हिशेब सोपा आहे. 8 इंच बाय 12 इंच मापाची, 20 मायक्रॉन जाडीची एक पिशवी घेतली तर तिचं वजन सव्वादोन-अडीच ग्रॅम भरतं. किलोभर माल व्हायला अशा सुमारे 430 पिशव्या लागतात. त्या उकिरड्यातून एकेक करून उचलायच्या, आतलं खरकटं झटकायचं, पोत्यात भरायच्या आणि दिवसाअखेर भंगारवाल्याकडे न्यायच्या. ओल्या, मळक्या पातळ पिशवीला तो एकतर नाक मुरडतो, नाहीतर कवडीमोल भाव देतो. म्हणून कचरा वेचणारी बाई ती उचलतच नाही. तेवढ्या वेळात ती बाटल्या वेचते, पुठ्ठा वेचते. तीच पिशवी 50 मायक्रॉनची असेल तर किलोला 170 च्या आसपास पुरतात. 120 मायक्रॉनची असेल तर 70. जाडी वाढली की पिशवी महाग होते, दुकानदार ती फुकट द्यायला कचरतो, आणि फेकली गेलीच तर ती वाकून उचलण्याजोगी ठरते. मायक्रॉनचा नियम या वाकण्याचा हिशेब करणारा होता, निदान कागदावर तरी.

याचा पुरावा महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात होता. दुधाची पिशवीही पॉलिथिनचीच. पण ती जाड. तिचा कोपरा कापायचा, रिकामी झाली की धुऊन ओट्यामागच्या फरशीवर चिकटवून वाळवायची, शंभरेक साठल्या की रद्दीवाल्याला द्यायची, हे कुठल्याही सरकारने न शिकवता घरोघरी चालू होतं. गटारात दुधाची अख्खी पिशवी क्वचितच सापडे. सापडे तो तिचा कापून टाकलेला कोपरा. ‘कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लटकू द्या’ असं पुढे शहरांतून सांगितलं जाऊ लागलं ते त्यामुळेच. नखाएवढ्या त्या तुकड्याला काट्यावर वजन नव्हतं.

काट्याची ही भाषा जिला सगळ्यांत चांगली येत होती, तिला मात्र कुणी काही विचारत नव्हतं. पुण्यात 1990 च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांच्या वस्त्यांत साक्षरतेच्या कामासाठी जाऊ लागल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं की या बायकांना अक्षरांआधी स्वच्छ, वेगळा केलेला कचरा हवा आहे. उकिरड्यात हात घालण्याऐवजी घराच्या दारातून सुका कचरा मिळाला तर मजुरीही वाढते आणि माणूस म्हणून मानही. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि तिच्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. नावातच त्यांचा सगळा धंदा होता. प्लास्टिक तेव्हा नावात यावं इतकं मोठं झालेलं नव्हतं.

पुणे महापालिकेने या कचरावेचकांना ओळखपत्रं दिली. रस्त्यावर पोलिसाने हटकलं तर दाखवायला हातात काहीतरी आलं. 2000 मध्ये देशभर लागू झालेल्या घनकचरा नियमांनी दारोदार कचरा गोळा करण्याची आणि वर्गीकरणाची जबाबदारी पालिकांवर टाकली. त्या कामावर मोठे ठेकेदार येऊन बसण्याआधी पंचायतीने आपला हक्क सांगितला आणि 2008 मध्ये कचरावेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. ढकलगाडी घेऊन सोसायटीच्या दारात येणाऱ्या ताई त्या करारातून आल्या. ओला कचरा पालिकेचा, विकण्याजोगा सुका कचरा तिचा, आणि घरामागे ठरलेली मासिक रक्कम तिची मजुरी.

मुंबईत मात्र चर्चा अजून पुरातच अडकली होती. सरकारने नेमलेल्या माधवराव चितळे यांच्या समितीने प्रलयाची कारणं तपासली तेव्हा पिशवीच्या मागे उभी असलेली मोठी मंडळी दिसू लागली. शहराची पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था इंग्रजांच्या काळातली, ताशी 25 मिलीमीटर पाऊस वाहून नेण्याइतकीच, आणि तेही ओहोटी असेल तर. ती क्षमता दुप्पट करण्याची योजना 1993 मध्येच ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने मांडली होती, पण बरीचशी कागदावर राहिली होती. मिठीच्या पात्रात भराव पडले होते, तिच्या पूरक्षेत्रात वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं होतं, विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला काटकोनात वळवलं होतं, काठावर झोपड्या, कारखाने, भंगाराची गोदामं दाटली होती. पिशवी दोषी होती, पण एकटी नव्हती. बिल्डर, प्राधिकरणं आणि पालिका यांच्याशी पंगा घेण्यापेक्षा पिशवीशी घेणं सोपं होतं, इतकंच.

पिशवीशी घेतलेला पंगाही लवकरच मवाळ झाला. उत्पादकांनी हरकती घेतल्या, रोजगाराचे आकडे पुढे आले, आणि सरसकट बंदीच्या जागी 2006 मध्ये नियम आले ते पुन्हा मोजमापाचे. पिशवी 8 बाय 12 इंचांहून लहान नको आणि 50 मायक्रॉनहून पातळ नको. त्याच वर्षी अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा राज्याचा कायदाही झाला. तेव्हा केंद्राची मर्यादा 20 वरच होती. ती 2011 मध्ये 40 झाली आणि 50 वर यायला 2016 उजाडलं. आकड्यापुरता महाराष्ट्र देशाच्या दहा वर्षं पुढे होता.

आकडा बाजारात उतरवणं मात्र वेगळं. 30 मायक्रॉनची पिशवी आणि 50 ची, हाताला फरक कळतो पण शपथेवर सांगता येत नाही. पालिकेच्या निरीक्षकाकडे जाडी मोजायचं यंत्र हवं, नमुना घेण्याची तयारी हवी, आणि समोर बसलेल्या कोथिंबीरवालीला दंड ठोकण्याइतकं मन घट्ट हवं. पिशवीवर जाडी छापण्याची सक्ती होती, पण छापायला काय, काहीही छापता येतं. राज्यातले कारखाने थंडावले तरी शेजारच्या राज्यांतून माल येत राहिला. पिशवी फुकट देऊ नये, हा 2011 च्या केंद्रीय नियमांतला मुद्दा मोठ्या दुकानांत पाळला गेला. मॉलमध्ये पिशवीचे चार-पाच रुपये लागू लागले. मंडईत ती फुकटच राहिली.

शहराचा खरा प्लास्टिक कारखाना या काळात धारावीत चालू होता. ‘13 कंपाउंड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात पोत्यांनी आलेलं प्लास्टिक रंगांप्रमाणे, जातीप्रमाणे निवडलं जातं. कुठलं प्लास्टिक कुठल्या जातीचं हे ओळखायला तिथल्या कारागिराला प्रयोगशाळा लागत नाही. तुकडा वाकवून, मोडून, आपटल्याचा आवाज ऐकून आणि कडेला काडी लावून येणाऱ्या वासावरून तो सांगतो. मग यंत्रात बारीक तुकडे, धुलाई, पत्र्याच्या छपरांवर वाळवण, वितळवून ओढलेल्या शेवया आणि शेवटी त्यांचा दाणा. हा दाणा पुन्हा बादल्या, पाइप, खुर्च्या होऊन बाजारात जातो. धुराचा, विषारी वाफांचा भोग धारावीच्या वाट्याला, स्वच्छतेचं श्रेय शहराच्या. आणि इथेही तोच काटा. ज्याला भाव नाही ते 13 कंपाउंडच्या दारापर्यंत पोचतच नाही.

जे पोचत नाही ते देवनारला जातं. 1927 पासून कचरा घेत असलेल्या या क्षेपणभूमीवर ठिकठिकाणी कचऱ्याचे डोंगर बहुमजली इमारतींएवढे झालेले. जानेवारी 2016 च्या अखेरीस त्यांना आग लागली. धूर दिवसेंदिवस निघत राहिला, नासाच्या उपग्रहांच्या छायाचित्रांत तो दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन आणि त्यात मिसळलेलं प्लास्टिक हे मिश्रण एकदा पेटलं की आतल्या आत धुमसतं. ओला आणि सुका एकाच डब्यात टाकणाऱ्या घरांचा धूर गोवंडी आणि चेंबूरच्या फुफ्फुसांत गेला.

उरलेलं समुद्राने घेतलं, आणि अधूनमधून परत केलं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने आपल्या 84 वर्षांच्या शेजाऱ्यासोबत कचरा उचलायला सुरुवात केली तेव्हा वाळू दिसत नव्हती. आठवड्यामागून आठवडे माणसं जोडली गेली, कोळीवाड्यातले लोक आले, शाळकरी मुलं आली. दुसऱ्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ पुरस्कार दिला. कोळ्यांना या कचऱ्याचं नवल नव्हतं. डोल जाळं वर काढलं की बोंबील-जवळ्याबरोबर पिशव्यांचा गोळा येणं त्यांच्या रोजच्या धंद्याचा भाग झाला होता. जाळं साफ करण्यात अर्धा दिवस जायचा आणि मासळी तेवढ्यात शिळी व्हायची.

प्लास्टिक समुद्रात नाहीसं होत नाही, ऊन आणि लाटांनी त्याचा भुगा होतो. तो भुगा मासे गिळतात, शिंपल्या गाळून घेतात. जमिनीवर गायी खरकट्याच्या वासाने गाठ मारलेली पिशवीच गिळतात आणि त्यांच्या पोटातून शस्त्रक्रियेने किलोंच्या हिशेबात प्लास्टिक निघतं. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी 22 रक्तदात्यांचं रक्त तपासलं, त्यांतल्या 17 जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले. 1950 पासून 2015 पर्यंत जगाने जितकं प्लास्टिक बनवलं, 2017 च्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार ते 830 कोटी टन होतं आणि त्यातून झालेल्या कचऱ्यातला फक्त 9 टक्के पुन्हा वापरात आला होता.

महाराष्ट्राने दुसऱ्यांदा कंबर कसली ती 2018 च्या गुढीपाडव्याला. त्या वेळचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी बंदी जाहीर केली, युवासेनेचे नेते आदित्य ठाकरे यांनी तिचा पाठपुरावा केला होता. 23 मार्चला अधिसूचना निघाली. या वेळी मायक्रॉनची भानगड नव्हती. जाड असो की पातळ, हँडलची असो की बिनहँडलची, पिशवी बंद. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ बंद. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या ठरावीक रक्कम देऊन परत घेण्याची योजनाही तिच्यात होती. योगायोग असा की त्याच मार्चमध्ये वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सरपटत निघालेली लोकांनी पाहिली. तिथे हे दृश्य कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं.

उत्पादक उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने स्थगिती नाकारली, मात्र हातातला माल मार्गी लावायला लोकांना 23 जूनपर्यंत वेळ मिळाला. 23 जूनच्या शनिवारी पालिकांची पथकं बाजारात उतरली आणि राज्यभर एक विलक्षण दृश्य दिसलं. माणसं मासे आणायला डबा घेऊन निघाली. मिठाईवाल्याने कागदाचे खोके काढले. पावसाळ्याचे दिवस, आणि पावसात कागदी पिशवीचा लगदा होतो हे दर तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या पायावर टोमॅटो सांडल्यावर सगळ्यांना पुन्हा आठवलं. शिवणयंत्र असलेल्या बायकांना, बचत गटांना कापडी पिशव्यांच्या मागण्या येऊ लागल्या. जुन्या साड्यांना बरे दिवस आले.

सगळ्यांत अवघड जागेचं दुखणं निघालं ते मखरांचं. गणेशोत्सवात थर्माकोलचे महाल, मंदिरं, किल्ले करणाऱ्या कारागिरांचा माल आधीच तयार होता. तेही न्यायालयात गेले, या वर्षापुरती तरी सूट द्या म्हणाले. जुलैत न्यायालयाने नकार दिला. सप्टेंबरात घरोघरी पुठ्ठ्याची, कापडाची, फुलांची मखरं दिसली. याच जुलैत मोठ्या भरतीच्या लाटांनी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून टनांनी कचरा रस्त्यावर आणून टाकला. कॅमेरे तिथे पोचले. वाळकेश्वरच्या बाजूला उभ्या असलेल्यांना आपल्याच घरातल्या बाटल्या परत आल्यासारख्या वाटल्या असतील तर नवल नाही.

बंदी पूर्णपणे मोडली नाही, पूर्णपणे टिकलीही नाही. अंमल सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच किराणा दुकानदारांना पॅकिंगसाठी 50 मायक्रॉनहून जाड प्लास्टिकची सवलत मिळाली. कंपन्यांच्या वेष्टनांना आधीपासूनच वाट होती. दुधाच्या पिशवीमागे पैसे परत मिळण्याची योजना दूधवाल्याच्या पायरीपाशी अडखळली. दोन वर्षांनी कोरोना आला. भाजीसुद्धा प्लास्टिकमध्ये गुंडाळून हवी, असं माणसांना वाटू लागलं, आणि मंडईत पातळ पिशव्या पुन्हा बाहेर आल्या.

2021 मध्ये केंद्राने जुनाच काटा पुन्हा हाती घेतला. 30 सप्टेंबर 2021 पासून 75 मायक्रॉन, 31 डिसेंबर 2022 पासून 120. त्याआधी, 1 जुलै 2022 पासून, कान साफ करायच्या काड्यांच्या प्लास्टिकच्या दांड्या, फुग्यांच्या काड्या, चमचे, ताटल्या, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल अशा एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. मधल्या काळात बाजाराने आपली पळवाट शोधून ठेवली होती. कापडासारखी दिसणारी, रंगीत पिशवी दुकानदार ‘कापडी आहे’ म्हणून देऊ लागले. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. तिला काडी लावली तर सूत जळाल्याचा वास येत नाही, ती वितळून ठिबकते. धारावीच्या कारागिराने ती पहिल्याच दिवशी ओळखली असणार. नियमांनी तिला वेगळं माप दिलं, चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजन.

दुसरा बदल कमी गाजला, पण तोच काट्याच्या अधिक जवळ जाणारा होता. वस्तू बाजारात आणणाऱ्या कंपनीनेच तिच्या वेष्टनाची विल्हेवाट लावायची, ही उत्पादकाची विस्तारित जबाबदारी 2016 च्या नियमांत होतीच. फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिला आकडे, वर्गवारी आणि प्रमाणपत्रं जोडली. 2019-20 मध्ये देशात सुमारे 35 लाख टन प्लास्टिक कचरा झाल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोंदवलं आहे. त्याचा मोठा भाग पिशव्यांचा नाही, वेष्टनांचा आहे. बिस्किटांची, वेफर्सची, शाम्पूची पुडी प्लास्टिक, ॲल्युमिनियम, पुन्हा प्लास्टिक अशा थरांची असते. थर वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारात तिला भाव नाही. तिला मायक्रॉनची मर्यादाही लागू नाही. ती सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवली जाते, नाहीतर डांबरात मिसळून रस्त्यावर अंथरली जाते. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी हे डांबराचं तंत्र बसवलं आणि त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. पण भट्टीपर्यंत आणि रस्त्यापर्यंत ती नेणार कोण, हा प्रश्न पुन्हा वाकून उचलणाऱ्या हातापाशीच येतो.

पुण्यातल्या एखाद्या वर्गीकरण शेडमध्ये दुपारी तीनच्या सुमारास गेलं तर सकाळच्या फेऱ्या संपवून आलेल्या बायका पसरलेल्या ताडपत्रीवर बसून माल निवडत असतात. बाटल्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, जाड पिशव्या एकीकडे. हात इतके सरावलेले की बोलणं थांबत नाही. दुधाच्या पिशव्यांचा दोरीने बांधलेला गठ्ठा काट्यावर चढतो, वजन वहीत लिहिलं जातं. शेजारी वेफर्सच्या आणि शाम्पूच्या पुड्यांचं पोतं भिंतीला टेकून उभं असतं. ते उद्याही तिथेच असतं.